शाळेसाठी मागवलेला रेडिओ

राजूरपासून दीड तास डोंगर चढून गेलं की लागायची अशा एका वाडीत मी एकशिक्षकी शाळेवर होते. सत्तर-एकाहत्तरची ती वर्षं. माझं वय बावीस. घर नगरला, चर्चच्या मागच्या गल्लीत. घरात आईवडील, तीन भावंडं आणि कायम कुणी ना कुणी पाहुणा. तिथून उठून मी अशा जागी आले होते, की पाच वाजता मुलं गेली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. लोक वाईट नव्हते. पाणी आणून द्यायचे, नाचणीची भाकरी द्यायचे, पण मी शाळेतली बाई म्हणून माझ्यापासून दोन पावलं लांबच थांबायचे. रविवार सगळ्यात कठीण. आता घरचे सगळे उपासनेला निघाले असतील, आई दारात उभी राहून पदर सारखा करत असेल, एवढंच मनात येत राही. सोमवारी हजेरी घेताना माझाच आवाज मला घोगरा वाटायचा, कारण शनिवार दुपारपासून तो वापरलेलाच नसे.

अशात पंचायत समितीकडून एक फॉर्म आला. शाळेसाठी उपयुक्त साहित्यापैकी एकच वस्तू निवडायची होती: पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, चित्रतक्त्यांचा संच किंवा बॅटरीवर चालणारा रेडिओ. निवडीचं कारणही लिहायचं होतं.

मी खरं तर विचार केलाच नाही. रेडिओसमोर खूण केली आणि कारण लिहिलं, 'शाळांसाठीचे कार्यक्रम ऐकून मुलांची भाषा सुधारेल.' लिहिताना अक्षर जरा जास्तच नेटकं आलं.

महिनाभरानं रेडिओ आला. राजूरच्या बाजाराला गेलेल्या एका गावकऱ्यानं तो धोतराच्या फडक्यात बांधून डोक्यावरून आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो टेबलावर ठेवला, मुलांना हाताची घडी घालून बसवलं आणि बटण फिरवलं. आधी नुसती खरखर. मग एकदम, स्वच्छ, एका पुरुषाचा आवाज आला. सगळी मुलं दचकली. दोन तर उठून दाराकडे पळाली. माझं लक्ष मात्र दाराशी बसलेल्या दुसरीतल्या एका मुलीकडे गेलं. ती दचकली नव्हती. बाकीची का दचकली, हे ती त्यांच्या तोंडांकडे पाहून शोधत होती.

ही मुलगी मला हट्टी वाटायची. विचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर बघणं नाही. मी तिला कितीदा कोपऱ्यात उभं केलं होतं. आता ती उठली, टेबलाशी आली आणि तिनं रेडिओवर तळहात टेकवला. आतली थरथर हाताला लागली तशी ती हसली. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते.

मुलं सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली. ती हलली नाही. उजव्या बाजूला, अगदी जवळ वाजवली, तेव्हा तिनं मान वळवली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई उखळात भात सडत होती.

"तिला ऐकू येत नाही, हे तुम्हांला माहीत होतं?"

"व्हय, बाई." तिनं मुसळ खाली ठेवलं. "तापातनं उठली तवापासनं. उजव्या कानाला थोडंसं येतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर तुमी शाळंतनं काढत्याल, असं वाटलं. घरी तिच्यासंगं कोन बोलतंय? तिथं निदान चार पोरं दिसत्यात."



दुसऱ्या दिवसापासून मी तिला पुढे, माझ्या उजव्या हाताला बसवलं, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे येईल. पण रेडिओ मात्र पुढे कामाचा ठरला नाही. पहिल्या दिवसाचं नशीबच म्हणायचं. नंतर दुपारी डोंगरामुळे काही म्हणता काही लागेना. दिवस मावळला की मात्र छान लागायचा. मग मी खोलीत एकटी बसून ऐकत असे. बातम्या, बाजारभाव, शेतीची माहिती, काहीही. जेवताना ताट रेडिओसमोर घेऊन बसे. त्या आवाजांना मी उत्तरंही द्यायला लागले होते.

दोन महिने असे गेले. मग एकदा त्या मुलीच्या पाटीवर मी विहिरीचं चित्र काढून खाली शब्द लिहिला, आणि तो तिनं पाच मिनिटांत उचलला. त्या आठवड्यात मी पायी राजूरला उतरले आणि एसटीनं अकोले या तालुक्याच्या गावी जाऊन शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांना भेटले.

"साहेब, रेडिओ परत घ्या आणि चित्रतक्ते द्या."

"रेडिओ कुणी परत करत नाही, बाई. बिघडला का?"

"नाही. दुपारी लागत नाही, संध्याकाळी लागतो."

"मग संध्याकाळी ऐका की."

"ऐकतेच. तो मी माझ्यासाठीच मागवला होता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वयस्क गृहस्थ होते. मग कागद पुढे सरकवत म्हणाले, "हे अर्जात लिहू नका. डोंगरात रेडिओ ऐकू येत नाही, एवढंच लिहा."

रेडिओ परत गेला, चित्रतक्ते आले. वर्षाअखेर ती मुलगी बोट ठेवून धडा वाचू लागली, आपल्या जाड, सपाट आवाजात. सुरुवातीला बाकीची मुलं हसली, मग त्यांनाही सवय झाली.

तिची मला सोबत झाली असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. शाळा सुटली की ती शेळ्या बांधायला घरी पळायची. माझ्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. उलट आवाजाची सवय लागलेली, म्हणून जास्तच जड. कधी कधी त्या अर्जाचा पश्चात्तापही व्हायचा, हे आज कबूल करते.

पुढच्या वर्षी माझी बदली नगर तालुक्यात झाली. निघताना मी एक कागद लिहून हजेरीपुस्तकात तिच्या नावापाशी टाचून ठेवला. 'तिसरीतल्या या मुलीला फक्त उजव्या कानानं थोडं ऐकू येतं. पुढे बसवावं. बोलताना तिच्याकडे तोंड करावं. ती हट्टी नाही.' माझ्या जागी आलेल्या गुरुजींची आणि माझी गाठ पडली नाही. त्यांनी तो कागद वाचला की नाही, ते मला कधी कळलं नाही.