परातीची उजवी बाजू

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, मान अशी वाकडी करून का बघतेस? मी म्हटलं, सवय. ते पुरतं खरं नव्हतं. पुरतं सांगायचं त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं, म्हणून आता लिहून पाठवते.

मला काचबिंदू आहे, हे तुम्हांला माहीत आहे. उजवा डोळा फार कामाचा उरलेला नाही. सगळा कारभार डावा बघतो. त्याच्या तपासणीसाठी वर्षातून दोनदा माजलगावहून बसने बीडला जावं लागतं. पांढऱ्या, खोलगट भांड्यासारख्या एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात. काही ठळक, काही असून नसल्यासारखे. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एवढंच काम. पण पन्नास उत्तरपत्रिका तपासूनही मी कधी इतकी थकले नसेन.

दिवाळीनंतरच्या तपासणीत मी बटण अगदी तोलूनमापून दाबलं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि प्रत्येक वर्गाला बजावलं, खात्री नसेल तर ठोकून देऊ नका. शिवाय लहानपणापासून पंचशील म्हणत आले आहे. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. जो ठिपका नक्की दिसला नाही त्यावर बटण दाबणं मला खोटी साक्ष दिल्यासारखं वाटलं. म्हणून शंका आली की अंगठा आवरला.

यंत्रातून कागद आला तो निम्मा काळा.

डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. "आजी, घरी कोण असतं?"

"मीच."

"सहा महिन्यांत एवढं उतरलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू. असंच आलं तर ऑपरेशन. आणि मग एकटं राहता येणार नाही."

संध्याकाळी पुण्याहून तुमच्या मामाचा फोन. "आई, आता बस झालं. घराला कुलूप लाव आणि इकडे ये." त्याचं चुकत नाही. पण त्याचं घर अकराव्या मजल्यावर आहे. तिथे दुपारी दार वाजत नाही. इथे नवनीत चाळत बसलेली शेजारची मुलगी भिंतीपलीकडून शब्दांचे अर्थ विचारते. मी त्याला म्हटलं, पंधरा दिवस थांब.

त्याच आठवड्यात ज्वारी निवडायला घेतली. माझ्याकडे धुण्याभांड्याला येते ती बाई शिरूर कासारकडची. वीसेक हंगाम ऊस तोडला, मग कंबर गेली आणि इथेच राहिली. आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये परात. मी माझी बाजू निवडून झाल्याचं सांगितलं. तिने हात घातला आणि माझ्या उजव्या हाताखालून तीन खडे उचलून फरशीवर ठेवले.

"बाई, हे खडे काय पोरांला हुडकाया सोडले व्हय?"

मी पुन्हा त्या जागी पाहिलं. तुम्हांला वाटेल, तिथे मला काळं दिसत असेल. काळं दिसत नाही. तिथे ज्वारीच दिसते, स्वच्छ, एकसारखी. आजूबाजूला ज्वारी आहे म्हणून डोक्याने तिथेही ज्वारी मांडून ठेवलेली. मी घाबरले ते त्या कागदापेक्षा याला. खात्रीने पाहत होते आणि तिथे पाहतच नव्हते.

मी तिला विचारलं, "तुला खडा कसा कळतो गं?"

"कावून इचारता? परीक्षा हाय का?"

"सांग तर."

"दिसतो म्हणून न्हाई कळत. रांग मोडल्यावानी वाटतं, हात आधी जातो." मग म्हणाली, "उसाच्या फडात पाचटात काय हाललं, की साप हाय का वारा हाय हे बघत उभं राहता येतं का? वाटलं की पाय मागं घ्यायचा. धा येळा वाराच असतोय."

"आणि अकराव्यांदा?"

"अकराव्यांदा बघत उभी ऱ्हायले असते, तर तुमची भांडी कोनी घासली असती?"

तिचं हसू थांबेना. मला हसायला थोडा वेळ लागला.

पंधरा दिवसांनी पुन्हा बीड, पुन्हा ते यंत्र. या वेळी ठरवून गेले होते की वाटलं की दाबायचं. शंका आली, दाबलं. शंकेची शंका आली, तरी दाबलं. पाचेक मिनिटांत तपासणीवाल्या मुलीने यंत्र थांबवलं.

"आजी, ठिपका यायच्या आधीच दाबताय! ठेका धरलाय तुम्ही."

खरंच धरला होता. ठिपका बदलताना यंत्र बारीक वाजतं, त्याचाच: टिक, थांबणं, टिक. कान आणि अंगठा दोघंच परीक्षा देत होते, डोळ्याला कुणी विचारतच नव्हतं. मी ओशाळले. तिला मागच्या वेळचंही सांगून टाकलं, खात्री झाल्याशिवाय दाबत नव्हते म्हणून.

ती हसली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "यंत्र मुद्दाम इतके फिके ठिपके दाखवतं की निम्मे कुणालाच दिसू नयेत. तुमची नजर कुठे संपते तेच त्याला बघायचं असतं. वाटलं तर दाबा. नाही वाटलं तर राहू द्या. चुकलात तर रागावणारं इथे कुणी नाही."

इतक्या वर्षांत हे मी एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं.

तिने मला बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा बसवलं. या खेपेला अंगठ्याला ना आवरलं, ना पळवलं. मध्ये एकदा डोळ्यांत पाणी आलं, ते दमल्यामुळे. बराच वेळ एकही ठिपका आला नाही असं वाटलं. ते येत होते, मला दिसत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं.

नवा कागद बराच उजळ होता. पण खाली, नाकाच्या बाजूला, एक काळा डाग तसाच राहिला. डाव्या डोळ्याची नाकाकडची बाजू म्हणजे उजवीकडची; परातीतली ती माझी उजवी बाजू. डॉक्टर म्हणाले, "हा डाग खरा आहे. बाकीचा काळोख तुमच्या प्रामाणिकपणाचा होता." ऑपरेशन तूर्त नाही. थेंबांची दुसरी बाटली, तीन महिन्यांनी पुन्हा यंत्र.

मामाला फोनवर सगळं सांगितलं, डागासकट. त्याने पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली. "तीन महिने," म्हणाला. "मग पुन्हा बोलू." मी हो म्हटलं. वाद घालायला दोघांच्याही अंगात दम नव्हता.

तर मान वाकडी करते ती यासाठी. पडद्याच्या खालच्या उजव्या भागात तुमच्यापैकी धाकटी बसलेली असते. सरळ पाहिलं तर तिथे मला नुसती गादीच दिसते.

काल पुन्हा ज्वारी निवडली. आता माझी बाजू झाली की परात पाव फेरा फिरवते, पुन्हा निवडते, पुन्हा पाव फिरवते. चार फेऱ्या. पूर्वी अर्ध्या तासात व्हायचं ते काम आता दुपार खातं. कामाची बाई समोर बसून बघत होती.

"झालं का?"

"वाटतंय झालं."

तिने हात फिरवला. एकच खडा निघाला.