मोठ्या आवाजाला मुकं होणारं श्रवणयंत्र

इलेक्ट्रॉनिक्स क्लबच्या मित्रांनो, फळ्यावर हे घाईने लिहितोय.

यंत्रमाग चालवून बाबांचे कान गेलेत. त्यांच्यासाठी मी दोन सेलवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. सकाळी आई कित्येक वर्षांनी त्यांच्याशी न ओरडता बोलली. बाबा हसले, "मले ऐकू येऊन राहिलं वं!"

दुपारी महाल भागातल्या रस्त्यावर मागून टेम्पोने हॉर्न दिला. बाबा हललेच नाहीत. मी त्यांना बाजूला ओढलं. मोठ्या आवाजाने ऑप-अँपच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपच्या, इनपुटचं व्होल्टेज सेलच्या तीन व्होल्टच्या काठाला गेलं आणि चिप अडकून हॉर्न संपेपर्यंत यंत्र मुकं झालं. मी फक्त हळू बोलून तपासलं होतं!

बाबा आता यंत्र काढू देत नाहीत. "काढलं तं तुही माय पुन्हा ओरडन."

इनपुट पार तीन व्होल्टच्या काठापर्यंत गेलं तरी चालणारी चिप कुणाकडे आहे का? खालीच लिहा. संध्याकाळी बाबा हेच यंत्र लावून भाजीला निघतील.