तुपिसासाठी उघडलेली वाट

सुक्रे शहरातल्या मुख्य दवाखान्यात एदेल्मिरा चोके संगणकांचं जाळं सांभाळायची. डोंगरांतल्या कुठल्या शाखेनं कुठल्या प्रॉक्सी सर्व्हरमधून इंटरनेटवर जायचं, हे तीच ठरवायची. प्रॉक्सी म्हणजे शाखेचा बाहेर पडायचा एकुलता एक दरवाजा, ओळख पटली तरच उघडणारा. मागे एका चोरानं त्यातून शिरून रोग्यांची माहिती लांबवली होती. तेव्हापासून तिचे वरिष्ठ लागुना या बाबतीत कुणाचं ऐकेनासे झाले होते.

त्या दुपारी तुपिसाच्या शाखेवर वीज पडली आणि तिथला प्रॉक्सी जळाला. पाठोपाठ निकानोराचा फोन. ती तिथे स्कॅन काढायची.

"ताई, खाणीतला माणूस आणलाय. डोक्यात रक्त साचलंय. सुक्रेच्या सर्जननी स्कॅन बघितल्याशिवाय आमचा डॉक्टर हात लावायला तयार नाही."

"मोबाइलवरून पाठव ना!"

"टॉवर बंद आहे गं. हा तारेचा फोन तेवढा चालू आहे."

एदेल्मिरानं तुपिसाला जवळच्या पोतोसी शाखेच्या प्रॉक्सीवर वळवलं. तो दाद देईना. तुपिसाच्या लोकांची नावं न्‌ पासवर्ड जळालेल्या प्रॉक्सीतच होते, आणि नवं नाव घालायचं तर लागुनांची मंजुरी हवी. ती धावतच त्यांच्या खोलीत गेली.

"थोडा वेळ ओळख न विचारता जाऊ द्या, साहेब. तुपिसापुरतं."

"मागच्या चोरीच्या वेळीही फोनवर असंच कुणीतरी रडलं होतं."

"आणि तो माणूस मेला तर?"

"तर तो अपघातानं मेला. माहिती फुटली तर ती आपण फोडली."

ती परतली तेव्हा फोनमधून हुंदके येत होते. "ताई, त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय!"

एदेल्मिरानं रिसीव्हर कानाशी दाबला. हा आवाज निकाचाच ना? "निका, तुझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मी काय आणलं होतं?"

"आत्ता हे काय विचारतेस? करपलेला केक! कुत्र्यानंसुद्धा नाही खाल्ला!"

तिनं वाट उघडली. स्कॅन आला. सर्जन फोनवरून एकेक पायरी सांगत राहिले, तिकडचा डॉक्टर कवटीला भोक पाडत राहिला. स्कॅन पोचताच तिनं वाट बंद केली आणि लागुनांना स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी तिला तिथल्या तिथे निलंबित केलं.

आठवड्यानं तिनं घरून निकाला फोन लावला. "बोलतो का गं तो खाणीतला?"

"नाही, ताई. बायको समोर बसते आणि पुन्हापुन्हा स्वतःचं नाव सांगते त्याला. तो नुसता बघत राहतो."