पंख्याची वायर

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो एकच. बोलताना माणसाकडे बघत नाही, खोललेल्या मशीनकडे बघतो. आधी ब्रशने धूळ झाडतो, मग ताप आलाय का बघावं तसा मशीनला उलटा हात लावतो.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिन्यात माझं मशीन तापून बंद पडायला लागलं, तेव्हा म्हणालो, "प्रोसेसर पाण्यानं थंड ठेवतो तो कूलर बसवा."

"न्हाई बसवत. त्याच्यात पंप असतो. विहिरीवरची मोटर जळली की पाणी थांबलेलं दिसतं. हा पंप डब्यात गुपचूप मरतो. पंखा थांबला तर तुमाला दिसंल, अन् दुसरा इथंच भेटंल."

"हिंगोलीत समदे तेच बसवून राहिले."

त्याने पंख्याचा मोठा कूलर बसवला, माझ्या व्हिडिओचं काम सुरू केलं आणि पंख्याची वायर उपटली. मी घाबरून उठलो. काम मंदावलं, पण थांबलं नाही; पंख्याखालचा धातूचा ठोकळा ताप ओढत होता.

"आता हिंगोलीवाल्याला म्हणा, तुझा पंप बंद करून दाखव."

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे सरळ बघितलं ते तेव्हाच.