झोपाळ्याच्या फळीवरची ऊब

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून भांडी घासायला जाते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे डोळ्यांनी बघितलं ते लिहितेय. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

मी मूळची हिंगोलीकडची. नवरा वारल्यावर कामासाठी इकडे आले. कर्जतच्या पुढे पळसदरीला, धरणाच्या वाटेवर सर आणि काकूंचं घर आहे. त्यांनी मला मागची खोली दिली, ताटात कधी दुजाभाव केला नाही. ते उपकार फिटायचे नाहीत.

सर खगोलशास्त्रज्ञ. निवृत्त झाले तरी रोज कॉम्प्युटरवर लांबलांबच्या दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या मेळ्यांची, चित्रं बघत बसायचे. मला एकदा समजावलं होतं — काही दीर्घिकांच्या मधोमध भलंमोठं कृष्णविवर असतं, भोवती धूळच धूळ. आतलं साध्या दुर्बिणीला दिसत नाही. पण ती धूळ तापते, आणि तिची ऊब इन्फ्रारेड दुर्बिणीला दिसते. मला तर राखेखालचा विस्तवच आठवला.

काकू झोपाळ्यावरून ओरडल्या, "अहो, तिला जेवू तरी द्या! दीर्घिका काय पळून चालल्यात?"

"पळूनच चालल्यात गं, एकमेकींपासून लांब!" सर म्हणाले. दोघं किती हसले होते...

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुपारी झोपाळ्यावर बसल्या होत्या, तिथेच. खोपोलीला दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर सर कॉम्प्युटर उघडेनात, जेवेनात. ठेवलेला चहा तसाच परत यायचा. मला एकच धास्ती — हेही असेच गेले तर? माझा आसरा जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण माणूस डोळ्यांदेखत विझताना बघवत नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी भाजीवाल्या जनाबाई दारात आल्या. "पीठ पसरलंस का गं? वर टोपली झाक, बाजूला दिवा ठेव. सकाळी बघायचं काय उमटलंय. कुठल्या जन्माला गेली त्ये कळतं."

"सर रागावतील हो."

"रागावू दे की! नुसता बसून हाय, त्यापरीस बरं नाय का?"

मी रात्री झोपाळ्याजवळ पीठ पसरलं, वर टोपली झाकली, बाजूला दिवा ठेवला. सकाळी सरांनी टोपली उचलून बघितलं; पिठावर काहीच उमटलं नव्हतं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते आत जाऊन उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आले. खालापूरच्या शाळांत ते मुलांना भिंतीवर हात टेकायला लावायचे. हात काढला की कॅमेऱ्यात पिवळा पंजा दिसायचा, आणि जरा वेळानं जायचा.

"कोणी आलं असतं तर ऊब राहिली असती. ये, बघ. पीठ, गार. फरशी, गार. झोपाळा—"

सरांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला.

सगळी फळी निळी, म्हणजे गार होती. आणि कडेला एक पिवळा पंजा. काकूंचे गुडघे दुखायचे, त्या तिथेच हात रेटून उठायच्या.

"तू हात लावलास?"

"नाही सर. त्या दिवसापासून मी फळी पुसलीसुद्धा नाही."

दिव्याची किंवा उन्हाची ऊब असेल म्हणून त्यांनी दिवा विझवला. पडदा ओढला. मग आपला हात त्या पंजाशेजारी टेकला आणि उचलला. त्यांचा पंजा उमटला, फिका झाला, गेला. तो आधीचा तसाच. त्यांनी पुन्हा टेकला. पुन्हा... शेवटी फळीजवळ खालीच बसले.

"फोटो काढा ना सर," मी म्हटलं.

"कोणाला दाखवू?" ते म्हणाले. "सगळं तिलाच दाखवायचो मी."

दुपारी सरांनी भात मागितला. झोपाळ्यावर बसून जेवले, ती कड सोडून.

दुसऱ्या दिवशी तोच कॅमेरा, तीच फळी — काही नाही. सर म्हणाले, वर्षानुवर्षं हात लागून लाकूड तिथे तेलकट झालं असेल, म्हणून कॅमेऱ्याला वेगळं दिसलं असेल. मग आज का नाही दिसत, हे मी विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक नाही. मला तर नाहीच.

आता सर पुन्हा काम करतात. नवीन चित्र आलं की सवयीनं काकूंनाच "अगं, बघ" म्हणून हाक मारतात.

तेव्हा मी हात पुसत आत जाते. म्हणते, "दाखवा सर."