तपकिरीच्या डबीतलं लग्न

कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लुकलुकत असेपर्यंत आप्पा आतल्या मेमरी कार्डाला हात लावत नसत, दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. तळहात वर करून एवढंच म्हणत, "दिवा विझू दे."

येळ्ळूरला माझ्या मुलीच्या लग्नात हे ऐकून माझी आई भडकली. दवाखान्यातून ती फक्त वीस मिनिटांसाठी आली होती.

"लगीनघरात दिवा विझू दे म्हंतोस व्हय रं?"

"चुकलं आक्का. शांत होऊ दे."

हे निपाणीचे फोटोवाले आप्पा. एका मोठ्या कार्डात सगळं लग्न मावलं असतं, तरी त्यांनी चार लहान कार्डं आणली होती: हळदीचं, अक्षतांचं, जेवणाचं, पाठवणीचं. मी हिशेबी माणूस. चार कशाला, म्हणून विचारलंच.

"एक रुसलं तर तिघं बोलत्यात की, साहेब."

भरलेलं कार्ड ते तपकिरीच्या जुन्या डबीत, स्वच्छ कापसावर ठेवत. डबी निघाली की आमच्या तात्याकाकांची चिमूट पुढे येई.

"तात्या, ह्यात लगीन हाय, तपकीर न्हाय."

आप्पा पंगतीला बसले आणि माझ्या मेहुण्याने ती डबी उघडली. त्याला फोटो ताबडतोब ग्रुपवर टाकायचे होते. तुम्हीही असे उतावळे पाहुणे पाहिले असतील. अक्षतांचं कार्ड त्याने लॅपटॉपला लावलं आणि फोटो उतरत असतानाच ओढून काढलं. परत लावलं तर कार्ड उघडेना. पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करायचं का?

आप्पा उष्ट्या हाताने धावत आले. डाव्या हाताने त्यांनी मेहुण्याचं मनगट धरलं.

"पाव्हणं, त्यो इचारतोय म्हणून व्हय म्हणायचं न्हाय."

"आप्पा, आई त्यातच आहे," मी म्हणालो.

"आक्का आत हायत. वर नवं कायबी लिवलं न्हाय तर जाग्यावरच असत्यात."

फोटो परत काढायला आप्पा कार्ड निपाणीला घेऊन गेले. नऊ दिवस मी रोज फोन केला. दहाव्या दिवशी ते बेळगावला आमच्या घरी आले. त्यांच्या वहीत त्या कार्डाचे फोटो होते ४१८. निघाले ४१२. मी एकेक मोजला. आईचे अकरा, अकराच्या अकरा.

गेलेले सहा नेमके मेहुण्याचे होते, भाचीला बोहल्यावर आणतानाचे.

"माझेच बरे गेले!" मेहुणा कुरकुरला.

"कार्डाला माणसं कळत्यात, पाव्हणं."

त्याच संध्याकाळी आम्ही दवाखान्यात आईला फोटो दाखवले. नातीच्या गालावरचा स्वतःचा हात ती बघत राहिली. मग आप्पांकडे वळून म्हणाली, "शांत झालता न्हवं रं दिवा?"

"झालता आक्का."

आई त्यानंतर महिन्याभराने गेली. आप्पा गेल्या वर्षी. त्यांच्या पत्नीला भेटायला निपाणीला गेलो तेव्हा वहिनींनी ती डबी माझ्या हातात दिली. "तुमच्यासाठी ठेवलीया म्हणायचे."

आत कापसावर आमचं अक्षतांचं कार्ड होतं. त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आप्पांचं अक्षर: "पुसू नये. सहा बाकी."