अबोला मराठीतला होता

कुरिअरच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या बाईंना सगळे रेडिओकाकू म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. तुम्ही पार्सल काट्यावर ठेवायचा अवकाश, काकूंनी तुमच्या सात पिढ्यांची चौकशी केलीच म्हणून समजा. चिकटपट्टी दातांनी तोडताना बोलायच्या, पावती फाडताना बोलायच्या, गिऱ्हाईक नसलं तर रबरी शिक्क्याशी बोलायच्या. अशा बाईनं घरातल्या एका माणसाशी तब्बल अकरा वर्षं अबोला धरला होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

ते माणूस म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. दोघींची बिऱ्हाडं एकाच जिन्याला, एक वर आणि एक खाली. नळ एक, कपडे वाळत घालायची दोरी एक, पण दोघींचं तोंडाला तोंड नाही. अगदीच नड पडली तर काकू बादलीला सांगायच्या, "पाणी जाणार आहे म्हणे. काही लोकांना भरायचं असेल तर भरून ठेवावं." त्यावर धाकटी जिन्याच्या कठड्याला सांगायची, "काही लोकांना आठवण झाली, नवलच म्हणायचं!" बादली आणि कठडा या दोघांनी मिळून ते घर अकरा वर्षं चालवलं.

आणि चूक काकूंची होती बरं का. त्यांना ती पहिल्या दिवसापासून कळत होती, पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती. झालं होतं असं, की धाकटीचे वडील जेवायला आले होते. जेवता जेवता कौतुकानं म्हणाले, "माझ्या लेकीच्या हाताला चव आहे हो." आता गप्प बसतील तर त्या काकू कसल्या! "अहो, लेकीनं नुसतं मीठ टाकलंय, तेसुद्धा जास्त! माहेरी काही शिकवून पाठवलं नाहीत वाटतं?" सगळे खो खो हसले. वडील हसले नाहीत. अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि पुन्हा कधी त्या घरी जेवायला आले नाहीत. त्याच रात्री धाकटी म्हणाली, "या जन्मात बोलणार नाही," आणि काकूही ताठ्यात म्हणाल्या, "मीही नाही!" दोन वर्षांनी वडील वारलेच.

आता दिरांची बदली झाली होती. महिनाअखेर धाकटीचं बिऱ्हाड हलणार होतं, तेही अशा शहरात जिथे मराठी औषधालाही नव्हतं. सामानाचा ट्रक ठरला होता. ट्रक गेला की माफी मागायची राहिली ती राहिलीच, हे काकूंना कळत होतं. पण करतात काय? बादलीमार्फत माफी कशी मागणार?

त्यातच साहेबांचं फर्मान आलं. परदेशी पार्सलं वाढलीत, काउंटरवरच्या प्रत्येकानं बोलण्यापुरतं इंग्रजी शिकायचं. काकू पुटपुटत संध्याकाळच्या क्लासला गेल्या आणि बघतात तर पहिल्याच बाकावर धाकटी! नव्या शहरात दूध मागायलाही इंग्रजी लागणार, म्हणून तीही आली होती. टीचर म्हणजे विशीतली चुणचुणीत पोर, तिला बिचारीला काय ठाऊक! "तुम्ही दोघी एकाच घरच्या ना? मग तुमची जोडी. रोजचा एक विषय देईन, घरी पण त्यावरच बोलायचं. आजचा विषय, हवामान."

दोघी बाकाच्या दोन टोकांना सरकल्या. आणि मग काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरेच्चा! अबोला धरला तो मराठीत! "या जन्मात बोलणार नाही" म्हटलं तेही मराठीत! इंग्रजीचं कुठे काय ठरलं होतं?

"टुडे," काकू घसा खाकरून म्हणाल्या, "व्हेरी हॉट."

धाकटीनं मान वळवली. डोळे बारीक करून जरा विचार केला. तिलाही ते पटलं असावं. "येस," ती म्हणाली, "फॅन इज स्लो."

झालं! काकूंना त्या दिवशी गगन ठेंगणं झालं. घरी येताना त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या, गुडघा दुखतो हे विसरून.

दुसऱ्या दिवसापासून घरात नुसती धमाल. सकाळी दोरीपाशी, "गुड मॉर्निंग! युवर टॉवेल इज फॉलिंग!" नळाशी, "कम फास्ट! वॉटर इज गोइंग!" विषय 'डॉक्टरकडे' होता त्या दिवशी तर दोघी पायरीवर तासभर बसल्या, एकमेकींना जीभ दाखवत, नाडी बघत. हसून हसून काकूंना ठसका लागला, तर धाकटी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "ड्रिंक स्लोली, पेशंट."

काकूंच्या यजमानांनी दाराआडून हे पाहिलं. "सुटला म्हणायचा का अबोला?"

"छे! सुटतोय कसला," काकू ठसक्यात म्हणाल्या. "हा अभ्यास आहे."

आणि खरंच, मराठीत अजून एक अक्षर नाही. काकूंनी आपल्या परीनं खटपट केली. 'गर्दीत धक्का लागला' या विषयात त्यांनी सॉरीचा असा सपाटा लावला, की टीचरलाच म्हणावं लागलं, "काकू, एकदा पुरे." काकूंना वाटत होतं, इतक्यातला एखादा सॉरी तरी त्या मागच्या गोष्टीचा धरला जाईल. पण धाकटी प्रत्येक वेळी हसून "नो प्रॉब्लेम" म्हणायची, आणि काकूंना कळायचं, हे सगळं पायावर पाय पडल्याचं चाललंय.

ट्रक रविवारी येणार होता, परीक्षा शुक्रवारी होती. प्रत्येक जोडीनं आवडीचा विषय निवडून सगळ्यांसमोर बोलायचं होतं. काकूंनी हवामान घोकलं होतं. पण त्या तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "गेस्ट फॉर डिनर. शी इज होस्ट. आय ॲम गेस्ट."

घोकलेलं हवामान वाया गेलं. पण मागे हटतील तर त्या काकू नव्हेत. टेबलावर खोटंखोटं ताट मांडलं. "प्लीज ईट. टेक मोअर."

"थँक यू. व्हेरी टेस्टी." धाकटीनं खोटा घास घेतला. मग हळूच ताट पुढे सरकवलं आणि उभी राहिली. "माय फादर स्टूड अप. हाफ प्लेट. यू लाफ्ड. ही नेव्हर केम अगेन."

वर्गाला वाटलं, काय सुंदर अभिनय! टाळ्या पडल्या. टीचर तर हरखलीच. "व्हेरी गुड! नाऊ होस्ट!"

पाहुणा निघाला की काय म्हणायचं, ते काकूंना पाठ होतं. प्लीज कम अगेन. पण ते म्हणायचं कुणाला? जो माणूस यायचा, तो राहिला होता कुठे? टेबलाची कड घट्ट धरून काकू म्हणाल्या, "चुकलं गं माझं. तुझ्या वडिलांना मी भरल्या ताटावरून..."

"नो मराठी, काकू!" टीचर ओरडली. "मार्क जातील!"

धाकटी गर्रकन तिच्याकडे वळली. "थांबा हो तुम्ही! अकरा वर्षं वाट बघितलीय मी. बोलू द्या जाऊबाईंना!"